वजनघराशेजारचं दार

व्हिसर म्हाताऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की आधी कॉफीचा वास यायचा, मग जिऱ्याचा आणि मग गाईंचा. गाई विकून बरीच वर्षं झाली होती, गोठ्यात आता त्याच्या मुलीची गाडी उभी राहायची, पण वास काही त्या घराला सोडून गेला नव्हता. जिऱ्याचा वास यायचा तो चीजचा. डच लोक चीजमध्ये जिरं घालतात हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईचा विश्वासच बसेना. "काय सांगून राहिली! मग आपल्यातलेच आहेत ना ते," असा निकाल तिने देऊन टाकला आणि पुढच्या शनिवारपासून माझ्याबरोबर डबा जाऊ लागला. त्यात बहुतेक वेळा सांबारवडी असायची. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये भेटलेल्या प्रत्येक पुणेकराला समजावून सांगावं लागलं आहे. व्हिसरला काही समजवावं लागलं नाही. तो वडीवर लोणी लावून खायचा.

बाबा ग्वेल्फच्या एका प्रयोगशाळेत दूध तपासायचे. आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून नमुने यायचे, त्यातले निम्मे शेतकरी डच. एकदा बाबांना व्हिसरकडे कसली तरी बाटली परत द्यायची होती आणि शाळेतून मला उचलायचंही होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. मी तेव्हा अकरावीत होते. बाबा स्वयंपाकघरात बोलत बसले आणि मी बोळात उभी राहून बूट घालता घालता वर पाहिलं. भिंतभर शाईची चित्रं होती. तपकिरी शाईत काढलेलं एक जुनं डच गाव. घरांचे माथे पायऱ्यापायऱ्यांचे, प्रत्येक माथ्यावर सामान वर ओढायचा आकडा, कालव्यावर उचलता पूल. नगरभवनाच्या पायऱ्यांवर उभा राहून एक कारकून हुकूम वाचतोय आणि खाली जमलेली मंडळी ऐकल्यासारखं करताहेत. मासळीबाजारात एक बाई माशाचे कल्ले उघडून पाहते आहे, तिच्या तोंडावर तोच संशय, जो आईच्या तोंडावर भाजीवाल्यासमोर असायचा. कालवा गोठलाय, सगळे घसरताहेत आणि एक जाडा गृहस्थ सपशेल आडवा झालाय.

आम्ही राहायचो ती टाउनहाउसं सगळी एकसारखी होती. पहिल्या वर्षी मी दोनदा दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली होती. बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणारी फर्नेस घुरघुरायची, वर आईचा कुकर शिट्ट्या द्यायचा आणि खिडकीतून दिसायचं काय, तर आमच्याच घरासारखं घर. नागपूर सुटल्यापासून मला जिथे राहावंसं वाटलं असं पहिलं गाव म्हणजे ते, भिंतीवरचं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, पण मी एक बूट हातात घेऊन उभी आहे आणि बाबा तीनदा हाक मारताहेत, हे व्हिसरने पाहिलं. त्याने विचारलं, "तुला काढता येतं?" मी म्हटलं, "येतं." तसं फार काही येत नव्हतं.

त्याला कुणीतरी हवंच होतं. चित्रं त्याच्या आजोबांनी जमवलेली. आजोबा त्या गावच्या नगरभवनात नोकरीला होते आणि गावातल्या हौशी, पोटभरू, सगळ्या चित्रकारांचे कागद ते मिळतील तसे घेत. भिंतीवर होती ती थोडी. बाकीची सपाट पेट्यांत ठेवलेली. त्या जुन्या शाईत लोखंड असतं. काढताना ती काळी असते, मग तपकिरी होते आणि मग हळूहळू कागदच खाऊ लागते. काही चित्रांत रेघ होती तिथे आता नुसती चीर होती, पुलाचा कठडा गळून पडलेला. म्हणून व्हिसर नव्या शाईने, चांगल्या कागदावर, एकेका चित्राची हुबेहूब नक्कल करत होता, गाई विकल्या त्या दिवसापासून. आता त्याचा हात थरथरायला लागला होता आणि निम्मं गाव अजून बाकी होतं.

त्याची पद्धत एकच आणि तिला अपवाद नाही. चित्र जमिनीपासून वर काढायचं. आधी रस्ता, मग पायरी, मग दार, मग खिडक्या आणि सगळ्यात शेवटी छप्पर. "गवंडी बांधेल तसं काढ," तो म्हणायचा. "छपरापासून सुरुवात केलीस तर घर लोंबकळतं." मी ऐकलं नाही, छपरापासून सुरुवात केली, आणि घर खरोखर लोंबकळलं. त्याने नवा कागद पुढे केला. हात धुऊन कोरडे करायचे, चित्रावर वाकून बोलायचं नाही, डबा टेबलाच्या खोलीत आणायचा नाही. मला नेलीच म्हणायचा. नलिनी म्हणायला त्याला वेळ नसावा. मी अख्खा उन्हाळा शनिवारी सकाळी तिथे गेले. बाबा सोडायचे, आणायचे, आणि गाडीत दर वेळी फार्मसीचा विषय काढायचे. पुढच्या वर्षी अप्लाय करायचं होतं. मी "हो" म्हणायचे आणि मनात पुढच्या शनिवारच्या खिडक्या काढायचे.

आता ओटावात, ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या एखाद्या मुलीच्या बोटांवर शाई दिसली की मी उगाच हसते आणि ती बिचारी हात खिशात घालते. तेव्हा माझी बोटं कायम डागाळलेली असत. आई म्हणायची, "पोरगी दौतीत बुडून मरणार." पण धुणं वाळत घालताना शेजारच्या गुजराती काकूंना हेच कौतुकाने हिंदीत सांगायची.

शरद ऋतूत व्हिसरच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. काही आठवडे त्याला वाकायची बंदी होती, खोलीत अंधार ठेवायचा होता. माझी नक्कल अर्धी झाली होती ती वजनघराच्या चौकाची. वजनघर म्हणजे गावाचा सरकारी तराजू. बाजाराच्या दिवशी चीज तिथे तोलायचं, म्हणजे कुणी कुणाला फसवायचं नाही. नक्कल पुरी करायला ते मूळ चित्र त्याने मला घरी न्यायला दिलं. त्याची मुलगी आनेका शेजारीच उभी होती. ती शहरात नर्स होती, सरळ वागणारी, आणि तिला हे अजिबात पसंत नव्हतं. "पापा, हे कागद ह्या घराबाहेर कधी गेलेले नाहीत."

"गेलेत. बोटीने आलेत," व्हिसर म्हणाला आणि त्याने चित्र दोन जाड पुठ्ठ्यांत घालून फीत बांधली. मी ते घरी मांडीवर घेऊन गेले. माझ्या खोलीत कपाटावर ठेवलं आणि आईला बजावलं की कपाट पुसायचं नाही.

आईने कपाट पुसलं नाही. तिने जे केलं ते दसऱ्याला केलं.

आमच्याकडे दसरा शाळेच्या दिवशी आला तरी घरात व्हायचाच. मी शाळेतून आले तर दारातच श्रीखंडाचा, वेलदोड्याचा वास. वाटीत आपट्याऐवजी मेपलची पानं. बैठकीच्या खोलीत पाट मांडलेला, पाटीवर खडूने काढलेली सरस्वती, आणि तिच्यासमोर ज्याचं त्याचं हत्यार. बाबांचं थर्मामीटर आणि काचेची नळी, आईची विळी, गाडीच्या किल्ल्या, माझे टाक, माझी दौत. प्रत्येकाला हळद-कुंकू, अक्षता, एकेक झेंडूचं फूल. झेंडू कुठून मिळवला होता देव जाणे. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, फीत सोडून, पुठ्ठा उघडून, वजनघराचा चौक. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, वजनघराशेजारच्या घराच्या दाराशी, हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं.

मी किंचाळले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"काय झालं एवढं ओरडायला?"

"हे काय केलंस तू? हे काय केलंस?"

"पूजा केली. तुझी विद्या आहे ना ती? टाकाची करायची आणि ज्यापासून शिकते त्याची नाही करायची?"

ती खरंच गोंधळली होती. तिच्या लेखी तिने त्या कागदाला घरातला सगळ्यात मोठा मान दिला होता. मी मात्र त्या वेळी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं, चित्राकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तिचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "हळदीचा डाग उन्हात जातो नलू. खिडकीत ठेवू का दोन दिवस?" मी म्हटलं, "उन्हात शाई जाईल. ह्याला आता कुणी हात लावायचा नाही. तूही नाही, मीही नाही." आईला मी आयुष्यात पहिल्यांदा असं सांगत होते आणि तिने ते ऐकलं, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाबा आले, त्यांनी चित्र पाहिलं, आणि कोट न काढता खुर्चीत बसले. त्यांची भीती वेगळी होती. त्या शेतकऱ्यांचं दूध ते तपासत होते. उद्या बोभाटा झाला असता की दूध तपासणाऱ्याच्या घरच्यांनी व्हिसरच्या आजोबांची चीजवस्तू खराब केली, तर कुणाकुणाला तोंड देणार? "परक्या मुलखात राहतो आपण," ते म्हणाले. "मी उद्या जाऊन परत देतो, माफी मागतो. आणि झालं ते पुरे. ह्यापुढे मी तुला तिकडे सोडणार नाही." व्हिसरच्या रस्त्याला बस नव्हती. बाबांनी सोडायचं नाही म्हणजे संपलं. ते दार, तो चौक, अर्धवट राहिलेलं गाव, सगळं संपलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आला तो हट्ट.

"तुम्ही नाही देणार," मी म्हटलं. "मी आणलं, मीच परत देणार. त्याला जे बोलायचं ते मला बोलू दे."

"आणि बोट लावलं मी," आई म्हणाली. "तुम्ही दोघं तिथे जाऊन काय सांगाल? काहून लावलं विचारलं तर?"

बाबांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. त्यांच्या घरात त्यांचं बहुमत नव्हतं, हे त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आईने निळी इरकल नेसली होती, वर हिवाळ्याचा जाड पार्का. डबा घेतला नव्हता. त्यावरून मला कळलं की ती किती घाबरली आहे. व्हिसर ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर टोपण लावून पडदे ओढलेल्या खोलीत बसला होता. मी फोनवर सांगितलं होतं की चित्राला काहीतरी झालंय, पण काय ते सांगायला शब्द सापडले नव्हते. आनेकाने टेबलावरचा दिवा लावला आणि फीत सोडली. तिने डाग पाहिला.

"ह्यासाठीच मी नको म्हणत होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळली. "नेली, तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. पण आता तू इथे येणं बरं नाही."

व्हिसरने भिंग मागितलं. धड असलेल्या डोळ्याने त्याने कागदाच्या त्या कोपऱ्यात पाहिलं, आणि वाकायला बंदी आहे म्हणून आनेकाने पुठ्ठाच उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. मग त्याने मला नाही, आईला विचारलं, "इथेच का?"

आईचं इंग्रजी सुपरमार्केटपुरतं होतं. तिने मला भाषांतर करू दिलं नाही. "नॉट ऑन पेपर," ती म्हणाली. "ऑन द उंबरठा." आणि वाकून खोलीच्या दाराचा उंबरठा हाताने दाखवला. "धिस. ऑल डोअर्स क्लोज्ड. सगळी दारं बंद. धिस वन ओपन. लेडी सिटिंग इनसाइड." मग तिचं इंग्रजी संपलं आणि ती माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाली, "सांग त्यांना. सणाचा दिवस, एकाच घराचं दार उघडं, दारात बाई बसलेली. तिचा उंबरठा कोरडा कसा ठेवायचा?"

मी सांगितलं. सांगता सांगता मी पुन्हा चित्राकडे पाहिलं, कारण त्या दारात बाई आहे हे मला माहीत नव्हतं. मी ते दार नकलेत काढलं होतं. दाराच्या आत काही आडव्या रेघा होत्या, त्या मी अंधार म्हणून काढल्या होत्या. आनेकाने भिंग घेतलं. "इथे बाई आहे?"

"आहे," व्हिसर म्हणाला. "मटार सोलते आहे. आजोबांनी मला दाखवली होती. आता मला दिसत नाही, पण आहे."

मला वाटलं, सुटलो. पण आनेका कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने भिंग खाली ठेवलं. "बाई असो नाहीतर नसो, डाग आहे. टोरांटोला कुणीतरी जाणकार असेल, त्याच्याकडे पाठवावं लागेल."

"जाणकार डाग काढेल," व्हिसर म्हणाला. "आणि नक्कल कोण करेल? तू?" मग त्याने टोपणाखालून माझ्याकडे तोंड वळवलं. "नेली, पाण्याचं बोट होतं की कोरडं?"

मी आईला विचारलं. आई म्हणाली, किंचित ओलसर.

"मग फार आत गेलं नसेल. स्वयंपाकघरात पाव आहे. कडा काढून घे. मऊ कुंचला खणात आहे. तूच काढ."

"पापा!"

"तिनेच काढायचं," तो म्हणाला. "तिला जमलं नाही तर तू म्हणतेस तसं."

पावाने कागद साफ करायची त्याची रीत मी पाहिली होती, पण कोऱ्या कडांवर, रेघेवर कधीच नाही. मी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. आनेका उजवीकडे, आई डावीकडे, बाबा दाराशी कोट घालून उभे, जणू कधीही निघायचंय. आधी कोरडा कुंचला. कुंकवाचे सुटे कण एका बाजूने, रेघेपासून दूर, झटकायचे नाहीत, नुसते उचलायचे. मग पावाचा गर मळून त्याची बोराएवढी गोळी. घासायचं नाही. टेकवायची, उचलायची, फेकायची, नवी घ्यायची. लाल रंग गोळीला चिकटून येऊ लागला. टेकवायची, उचलायची. आई कान देऊन माझी प्रत्येक हालचाल ऐकत होती, पोळी तव्यावर फुगते तेव्हा ऐकते तसं. लाल गेलं. नारिंगी उरलं. नारिंगी गेलं, आणि हळदीची पुसट पिवळी सावली उरली, बरोबर उंबरठ्याच्या रेघेवर.

तेवढंच राहिलं होतं. अजून थोडं, आणि मग काही झालंच नव्हतं असं दिसलं असतं. बाबांना तोंड लपवावं लागलं नसतं, आईला ओशाळं व्हावं लागलं नसतं, मला परत यायला मिळालं असतं. मी गोळी टेकवली, आणि उचलताना बोटांना काहीतरी जाणवलं, अगदी बारीक, कागदाचा तंतू धरून ओढल्यासारखं. शाईने तिथला कागद आधीच खाऊन हलका केला होता. मी गोळी ताटलीत ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"अजून दिसतंय," आनेका म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "राहू दे. पुढे गेले तर उंबरठा निघून येईल."

"थोडंसंच तर आहे."

"नाही. मी करणार नाही. दुसऱ्या कुणालाही करू देऊ नका."

हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी व्हिसरकडे पाहिलंच नव्हतं. त्याला विचारलं नव्हतं, आनेकाचीही परवानगी घेतली नव्हती. पुढे जन्मभर मी हेच काम केलं, लोकांचे जुने कागद वाचवायचं. हाताखाली आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी सांगायचे की कागद उंदीर आणि पाणी मिळून जेवढे खराब करतात, त्याहून जास्त आपण "अजून थोडंसं" म्हणत करतो. ते लिहून घ्यायचे. मला हे लिहून घ्यायची वेळ आली नाही. माझ्या उजवीकडे एक रागावलेली नर्स उभी होती.

ती नर्स बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. जखमेवरची पट्टी कधी काढायची नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. शेवटी तिने पुठ्ठा मिटला आणि फीत बांधली. "कागद ह्या घराबाहेर जाणार नाही," ती म्हणाली.

"नाही जाणार," मी म्हटलं.

"काम इथेच, ह्या टेबलावर. आणि सणाच्या दिवशी सुट्टी."

व्हिसर हसला की खोकला ते कळलं नाही. "मासळीबाजार भिंतीवरून उतरवून ठेव," तो तिला म्हणाला. "वजनघर झालं की तो घेऊ. त्यातला पूल फार दिवस टिकायचा नाही."

 आईने पदराने डोळे टिपले आणि निघताना आनेकाच्या हातावर हात ठेवला. आनेकाने तो लगेच सोडवला नाही, एवढं मी पाहिलं.

गाडीत मी पुढे बसले होते, आई मागे. व्हिसर हो म्हणाला होता, आनेकाही म्हणाली होती, पण तिथवर नेणारा माणूस माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता आणि त्याने सांगितलेलं त्याने मागे घेतलं नव्हतं. मी विचारणार नव्हते. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की नाहीच म्हणाले तर सायकल घेईन, सायकल नाही तर चालत जाईन, पण तो मासळीबाजार मीच काढणार. दोन्ही बाजूला कापलेल्या मक्याची शेतं, वर आभाळ खाली उतरलेलं, काचेवर बर्फाचे पहिले चुकार पांढरे कण. बाबांनी वायपर चालू केले. शहराचे दिवे दिसू लागले तेव्हा त्यांनी घसा साफ केला, आरशातून आईकडे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर वळवून म्हणाले, "शनिवारच्या आत स्नो टायर लावून घ्यायला हवेत."